महानंदाक्कांचा रुमाल

त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीतीपोटी नाही हो, आता कसली भीती? पण माझ्या लेखात त्याला फुकटची जागा कशाला द्यायची? लातुरात त्याचा मोठा क्लास होता, मुलींचं तीन मजली हॉस्टेल होतं, चौकाचौकात त्याच्या फोटोचे बोर्ड होते. आम्ही सगळे त्याला ‘सर’ म्हणायचो. इथंही तो सरच राहील. तोंडानं सर म्हणायचं आणि लिहिताना ‘तो’ लिहायचं, एवढी सोय मी करून घेतली आहे. लिहायचं आहे ते महानंदाक्कांबद्दल. पण अक्कांची आठवण काढायला बसलं की आधी हा बाबा डोळ्यांपुढं येतो आणि माझं डोकं सटकतं, त्याला इलाज नाही.

महानंदाक्का त्या क्लासात कंप्युटर सांभाळायच्या. प्रिंटरात अडकलेला कागद काढण्यापासून ते अख्ख्या हॉस्टेलचं इंटरनेट चालवण्यापर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात. मी तिथंच फिजिक्स शिकवायचे. अक्का मूळच्या उदगीरकडच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, केसांना चप्प तेल, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग आणि पायात पुरुषी चपला. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा. कुणी फार पाल्हाळ लावलं की ‘साकु!’ म्हणायच्या, म्हणजे पुरे. अक्का एकदा साकु म्हणाल्या की प्रिन्सिपलसुद्धा गप्प बसायचे.

त्यांच्या सवयी आम्हाला विचित्र वाटायच्या. समोरचा पासवर्ड टाकायला लागला की त्या सरळ पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. शिपायाच्या बाबतीतही तेच. चहाच्या गाड्यावर कुणी आवाज खाली आणून ‘कुणाला सांगू नका हं’ असं सुरू केलं की अक्का कप खाली ठेवायच्या. “मग मला कशाला सांगतीस? दोघातलं दोघात ऱ्हाऊ दे.” स्वतःच्या घरी जातानाही त्या कडी वाजवायच्या. घरात त्यांची म्हातारी आई सोडून दुसरं कुणी नसायचं. मी एकदा हसले तर म्हणाल्या, “अव्वा आत हाय ना. तिचं काय चाललं असल, मला काय ठाऊक?”

ही शिस्त त्यांना बापाकडून मिळाली होती. बाप हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी. अक्का सांगायच्या, “रुमालाखाली दोन पंजे. बोटं दाबायची नि सोडायची. शंभर माणूस भवती उभं, पण भाव त्या दोघालाच ठाऊक. मी आठ वर्षांची असताना एकदा रुमाल उचलून बघितलं. बापानं भर बाजारात कानफटात हाणली. लई लाडकी व्हते मी त्याची. तरी हाणली.” हे सांगताना त्या गाल चोळायच्या आणि हसायच्या.

आणि एवढ्या शिस्तीच्या बाईच्या हातून ती चूक झाली.

हॉस्टेलच्या मुलींनी घरी निरोप पाठवायचा तो क्लासच्या ॲपवरूनच, असा सरचा नियम होता. ते ॲप अक्कांनीच बनवलेलं. सगळे निरोप सरच्या केबिनमागच्या खोलीतल्या एका मशीनमध्ये जायचे आणि तिथून पुढं घरच्यांना. आमच्या ऑफिसात एक लांबोडं रजिस्टर होतं. त्यात कपाटांच्या किल्ल्यांचे नंबर असायचे आणि त्याखाली सगळ्या स्टाफचे पासवर्ड, पेनानं लिहिलेले, सहीनिशी. आपल्याकडं अर्ध्या ऑफिसांत असं रजिस्टर असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मालक म्हटल्यावर किल्ली त्याच्याकडं असणारच. अक्कांनाही वावगं वाटलं नाही. मुलींचा कुठलाही निरोप उघडणारा पासवर्ड त्यांनी आपल्या सुबक अक्षरात त्या रजिस्टरात लिहिला आणि पुढं सही केली.

किनवटकडच्या जंगलातल्या एका खेड्यातली शेवंता नावाची मुलगी होती. बारावी होऊन डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. हुशार, एकदम शांत. तिनं एका रात्री थोरल्या बहिणीला लिहिलं की डाळीत किडे निघतात, चार पोरी ओकल्या, घरी सांगितलं तर बघा म्हणून रेक्टर दम देतात, ताई मला न्यायला ये. रेक्टर म्हणजे सरचा मेव्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर सर कागद घेऊन उभा राहिला आणि त्यानं तो निरोप सगळ्या हॉस्टेलपुढं मोठ्यानं वाचला. नुसता वाचला नाही, शेवंताच्या बोलीची नक्कल करत, हेल काढत वाचला. पोरी हसल्या. काही मास्तरही हसले, मेले. मी हसले नाही, पण तोंडही उघडलं नाही. खाली मान घालून सँडलचा पट्टा बघत राहिले. त्याबद्दल मला कुणीतरी धरून मारायला हवं होतं. अक्का माइकपाशी उभ्या होत्या. आवाज नीट यावा म्हणून माइक त्यांनीच जुळवून दिला होता.

शेवंता त्याच दिवशी पेटी घेऊन गेली. रविवारी अक्का मला म्हणाल्या, “चल किनवटला.” बस, मग रेल्वे, मग जीप, असं करत आम्ही तिच्या घरी पोचलो. ती दारात आली. अक्कांनी हात जोडले. तिनं विचारलं, “मॅडम, चावी तुम्हीच देलती ना त्यायला?”

“हाव,” अक्का म्हणाल्या.

ती आत निघून गेली. तिच्या आईनं आम्हाला पाणी दिलं आणि उन्हाचं कशाला आलात म्हणाली. शेवंता पुन्हा परीक्षेला बसली नाही. आजतागायत नाही.

परत येताना अक्का गळ्यातलं लिंग मुठीत धरून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. नांदेड स्टेशनवर उतरल्यावर म्हणाल्या, “सुरेखा, ह्या माणसाला मी वाचायला मोताद करीन. मरंपर्यंत करीन, पण करीन.” सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. सर म्हणाला, मॅडम, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. अक्का म्हणाल्या, साकु.

मी मात्र तिथंच राहिले. घरी माझ्या पगारावर चार माणसं होती, हे खरं. पण भेकड होते, हेही खरंच.

अक्कांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दिवसा बाजारातल्या दुकानांचे कंप्युटर दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या वेळात ‘रुमाल’ बनवायच्या. मला त्यांनी तो असा समजावला होता. निरोप तुझ्या फोनातून निघणार नि थेट माझ्या फोनात येणार. मध्ये मशीन न्हाई, केबिन न्हाई, मालक न्हाई. माझा फोन बंद असला तर निरोप दुसऱ्या रुमालवाल्यांच्या फोनांत थांबत थांबत येणार, पण सीलबंद, त्यांना तो उघडणार न्हाई. उघडायची किल्ली फक्त तुझ्याकडं नि माझ्याकडं. “आणि बाकीच्यांच्या निरोपांची किल्ली तुमच्याकडं?” मी विचारलं होतं. त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारीण बघायला आली. “माझ्याकडं कशाला? एकदा देऊन बघितली की किल्ली!”

रुमालाचा सगळा कोड त्यांनी इंटरनेटवर उघडा टाकला होता. ज्याला शंका असेल त्यानं वाचून बघावा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं चुका काढून पाठवायची. अक्का मोडक्यातोडक्या इंग्रजीत आभार मानायच्या आणि संक्रांतीला सगळ्यांना तिळगुळाचं चित्र पाठवायच्या. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी सात-आठ जुने मोबाइल चार्जिंगला लागलेले असायचे. भारी फोनवर सगळंच चालतं, म्हणायच्या. माझ्या पोरींच्या हातात कसला फोन असतो ते मला ठाऊक हाय.

एक फोन त्यांनी लातूर-नांदेड बसच्या कंडक्टरच्या पिशवीत ठेवला होता. चालत्या गाडीत निरोप पोचतो का ते बघायला. अहमदपूरच्या पुढं निरोप गायब व्हायचे आणि लोह्याला पुन्हा यायचे. महिनाभर अक्का हैराण. शेवटी कळलं, बराच वेळ कुणी हात लावला नाही की बॅटरी वाचवायला तो फोनच रुमालाला बंद पाडत होता, आणि लोह्याला कंडक्टर वेळ बघायला फोन काढायचा. “मुडदा बशिवला त्या कंपनीचा, झोपलेल्याचा गळा दाबायलेत!” असं म्हणत त्यांनी आठ दिवस खपून उपाय काढला. परदेशातल्या कुणीतरी विचारलं, तुमची तपासणीची लॅब कशी आहे? अक्कांनी उत्तर दिलं, लाल रंगाची आहे, सहा टायर आहेत.

रुमाल हळूहळू पसरला. हॉस्टेलच्या मुली, दवाखान्यातल्या नर्सा, कुणाकुणाच्या सुना. जाहिरात कसली नाही, एकीनं दुसरीला सांगितलेलं. सरला कळलं तेव्हा त्यानं हॉस्टेलमध्ये रुमालावर बंदी घातली. आणि वर्षभरात स्वतःच वापरायला लागला!

मी तेव्हाही त्याच्याच क्लासात होते, शिपायाच्या तोंडून मला कळलं. नांदेडला त्याला शाखा काढायची होती, तिथला एक भागीदार मिळाला होता आणि आमच्यापैकी कुणाला सुगावा लागू नये म्हणून दोघं सगळं रुमालावर बोलत होते. मी जवळजवळ धावत अक्कांकडं गेले.

“अक्का, सापडला! पुढच्या अपडेटमध्ये एक ओळ टाका. फक्त त्याच्या फोनापुरती. त्याचं सगळं आपल्याला दिसू दे. शेवंताचं वाचलं ना त्यानं? आपण त्याचं गंजगोलाईच्या भर बाजारात वाचू, भोंगा लावून!”

अक्कांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्यांनी कंप्युटर माझ्याकडं वळवला. पडद्यावर एक ओळ होती. एकच.

“लिहिली हाय,” त्या म्हणाल्या. “मलाबी कळलं व्हतं. आठ दिवस झाले, रोज उठते नि बघते. एक बटण दाबायचं, की गेली.”

“मग दाबा की!”

“दाबलं की त्याच्या नोकरीत परत गेले मी. अगं, माझ्या हातानं दुसऱ्याचं वाचायची सवय त्यानंच लावली. राजीनामा देऊन इतकी वर्षं झाली, आजून तोच माझ्याकडून लिहून घ्यायलाय.” आणि माझ्यासमोर त्यांनी ती ओळ पुसली.

मला इतका राग आला की पायात चपला सरकवून मी तडक निघून आले. मला सूड हवा होता, शहाणपण नको होतं. ज्या बाईनं नांदेड स्टेशनवर तशी शपथ घेतली, तिला ऐनवेळी हे काय सुचलं? सहा महिने मी अक्कांशी बोलले नाही. मधल्या काळात क्लास सोडून हदगावच्या शाळेत लागले. शेवटी मलाच राहवेना. एका सुटीत पिशवीत हरभऱ्याची भाजी घेऊन लातूरला गेले, कडी वाजवली. अक्का म्हणाल्या, “भाजी निवडून आणलीस का मलाच निवडावी लागंल?” भांडण तिथंच मिटलं.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. पुढं त्या अव्वाला घेऊन गावी राहायला गेल्या. रुमालाची नवी आवृत्ती आली की माझ्या फोनवर कळतं, तेवढीच आता आमची भेट.

त्या दिवशी दुपारी आम्ही भाजी निवडत बसलो होतो आणि दारात सर उभा राहिला. मी ओळखलंच नाही आधी. शर्टाची इस्त्री मोडलेली, गालफडं बसलेली. चपला बाहेर काढून तो आत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. अक्कांनी पाणी दिलं.

झालं होतं ते असं. भागीदारानं नांदेडची शाखा गिळली होती. बोर्डावर स्वतःचं नाव लावलं होतं आणि सरनी आपण होऊन माघार घेतली असं सगळीकडं सांगत होता. मेव्हणाही त्याच्याकडं जाऊन बसला होता. काय ठरलं, कुणी काय कबूल केलं, ते सगळं बोलणं रुमालावर झालेलं. मध्यंतरी सरनं नवा फोन घेतला होता, आणि जुना कुणाच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या हातानं पूर्ण पुसून विकून टाकला होता.

“वर सगळं असेलच ना, मॅडम,” तो म्हणाला. “तेवढं खाली उतरवून द्या.”

“वर कुणी न्हाई, सर,” अक्का म्हणाल्या. “एक तुमचा फोन नि एक त्यांचा. तुमचा तुम्ही पुसला. आता त्यांच्याकडं हाय, त्यांना मागा.”

“तो कशाला देईल?”

“ते मला कसं ठाऊक असणार? तुमचं दोघातलं हाय.”

“मास्टर पासवर्ड असेलच तुमच्याकडं. असतोच. मॅडम, मी कुणाला सांगणार नाही.”

“व्हता,” अक्का म्हणाल्या. “तुमच्या रजिस्टरात लिहून दिलता. त्यानंतर बनवला न्हाई.”

अक्कांनी कंप्युटर उघडून त्याच्यापुढं सरकवला. “हा सगळा कोड. कुठं दार दिसलं तर दाखवा, मी उघडून देते. वाचा. तुम्हाला वाचायला आवडतं.”

आणि तो खरंच वाचायला लागला हो! एक अक्षर कळत नसताना, चष्मा पुसत, खाली खाली सरकवत. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. लपवत नाही. स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसले आणि मनात म्हटलं, वाच, मुडद्या, डोळे फुटेस्तोवर वाच. सहा महिन्यांपूर्वी अक्कांवर का चिडले होते तेच मला आठवेना. ती ओळ टाकली असती तर याचं सगळं बोलणं आज अक्कांकडं असतं आणि त्यांना ते याला काढून द्यावं लागलं असतं.

पाऊण तासानं त्यानं मान वर केली. “गेलं ते गेलं,” म्हणाला. “निदान इथून पुढं तरी असं होऊ नये. काही करता येईल?”

“ते येतं,” अक्का म्हणाल्या. त्यांनी त्याचा फोन घेतला, नवी आवृत्ती टाकली आणि क्लासात आम्हाला समजावून सांगायच्या त्याच शांत आवाजात सांगितलं. मुरुडच्या एका बाईचा फोन हौदात पडला, वारलेल्या नवऱ्याचे निरोप त्यात होते, ते गेले. तिच्यासाठी म्हणून त्यांनी ही सोय केली होती. आता किल्लीचे तीन तुकडे होतात. आपल्या विश्वासाची तीन माणसं निवडायची. एकेक तुकडा एकेकाच्या फोनात राहतो, तुमच्या निरोपांच्या सीलबंद प्रतीसकट. त्यांना तुमचं काही वाचता येत नाही. फोन हरवला तर तिघांनी आपापला तुकडा परत द्यायचा, की सगळं परत येतं.

“तीन नावं टाका,” म्हणून त्यांनी फोन त्याच्या हातात दिला आणि त्या उंबऱ्याशी उन्हात बसलेल्या अव्वाची वेणी घालायला गेल्या.

सर नावं शोधायला लागला. मी समोरच होते, मला सगळं दिसत होतं. मेव्हण्याच्या नावावर बोट गेलं आणि झटकन मागं आलं. मग बायकोच्या नावावर थांबलं.

“मॅडम, हिला काही वाचता येणार नाही ना?”

“न्हाई.”

“तरी नको,” तो म्हणाला.

नावं वर जात होती, खाली येत होती. हजार तरी नावं असतील त्या फोनात. नगरसेवक, डॉक्टर, बोर्ड रंगवणारे, मास्तर. माझंही नाव एकदा सर्रकन वर गेलं. अव्वा कानडीत काहीतरी कुरकुरत होती आणि अक्का तिचे चार पांढरे केस विंचरत होत्या. माझी हदगावची बस चुकली. मी मुद्दामच उठले नाही.

शेवटी त्यानं फोन मांडीवर ठेवला. उंबऱ्याकडं न बघताच म्हणाला, “मॅडम, तुमचं नाव टाकलं तर चालेल का?”

अक्कांचा हात थांबला. मी उंबऱ्याकडं वळून बसले. आता बोलतील, आता त्याचं सगळं उट्टं काढतील, शेवंताचं नाव घेतील.

“टाका,” अक्का म्हणाल्या. “आता दोन ऱ्हायले.”

मी दिवेलागणीपर्यंत थांबले. अक्कांनी वेणी घातली, चहा केला, त्यालाही दिला. दुसरं नाव काही आलं नाही.